उजवं दार

“डावं दार तू घास. उजव्याला हात लावू नको, ते मी करीन,” अण्णा म्हणाले आणि पॉलिश पेपरचा तुकडा बादलीत बुडवून त्यांनी माझ्या हातात दिला.

पत्र्याच्या कपाटाची दोन्ही दारं काढून त्यांनी अंगणात पोत्यांवर आडवी टाकली होती. दारांवाचून उघडं पडलेलं कपाट भिंतीला टेकून उभं होतं.

“का? उजव्याला काय सोनं लागलंय?”

“कुलपाचं काम हाय त्यात. आतली पट्टी वाकंल. आणि वरवर घास, चंदे. नुसता रंगाचा गुळगुळीतपणा मोडायचा, म्हणजे नवा रंग धरतो. खोल जायचं न्हाई.”

“बरं.”

“बरं म्हणतीस आणि करतीस आपलंच.”

ते काही खोटं नव्हतं. घरात माझ्या या स्वभावाची चेष्टाही व्हायची आणि त्यावरून बोलणीही बसायची.

अण्णा सूतगिरणीत टाइमकीपर होते, पण गावात त्यांना ओळखत ते जुन्याचं नवं करणारा माणूस म्हणून. त्यांना काही टाकवत नसे. आमच्याकडं बंद पडलेल्या रेडिओच्या पेटीत औषधं असत, शिलाई मशीनच्या लोखंडी पायांवर फळी ठोकून टेबल केलेलं होतं, आणि पुढच्या सोप्यातल्या बाकाला कुणाच्या तरी मोडक्या पाळण्याच्या दांड्या होत्या. गल्लीतली माणसं टेबलफॅन, खुर्च्या, लोखंडी कॉट घेऊन यायची. अण्णा सुट्टीच्या दिवशी ते घासून, रंगवून परत करायचे. “मगदुमांच्या हाताखालनं गेलं तर आमचं म्हातारंबी बोहल्यावर चढंल,” असं लोक म्हणायचे आणि अण्णा लाजून हसायचे.

हे कपाट मात्र गल्लीतल्या कुणाचं नव्हतं. ते अक्काचं होतं. त्रिशलाअक्का, माझी थोरली बहीण. तिच्या लग्नात आम्ही कपाट, पलंग, टेबलफॅन आणि मिक्सर दिला होता. ट्रॉलीत सामान चढवताना आईनं प्रत्येक वस्तूला कुंकवाचं बोट लावलं होतं. तेव्हा कपाट राखाडी रंगाचं होतं. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच अक्का नदीपलीकडं तिच्या सासरी न्हाणीत पाय घसरून पडली आणि डोक्याला मार लागून गेली. मी पोचले तेव्हा तिच्या कपाळावर भुवयांपर्यंत पदर ओढलेला होता. कुणी तो वर करू दिला नाही.

पुढं तिच्या सासऱ्यांनी, शेडबाळे पाटलांनी, सगळं सामान आपणहून परत पाठवलं. अशा सामानावरून आमच्या भागात पंच बसतात, शिवीगाळ होते, डोकी फुटतात. इथं एक चमचाही मागावा लागला नाही. कपाट तर नवा हिरवा रंग देऊन पाठवलं होतं. “माणसं सज्जन, नशीब वाईट,” असं लोक म्हणाले, आणि आम्हीही तेच म्हणत राहिलो. आईनं कपाटावर जुनी चादर टाकली. त्याच्याकडं तोंड करून ती कधी झोपली नाही.

आता माझं लग्न ठरलं होतं. मुलाकडच्या पाहुण्यांनी देण्याघेण्यात कपाट आणि पलंग बोलून घेतला होता, आणि नवं घ्यायची आमची ऐपत नव्हती. म्हणून चादर निघाली. अण्णा म्हणाले, “बदामी रंग देतो. कोण वळखतंय?”

“मेलेल्या बहिणीचं कपाट घेऊन मी नांदायला जायचं?” मी विचारलं होतं.

“कपाटानं काय केलंय?” अण्णा म्हणाले.

आणि खरं सांगायचं तर मला ते लग्न हवं होतं. मुलगा साखर कारखान्यात होता, अभिनंदन त्याचं नाव. बघायला आला तेव्हा माझं बोलणं त्यानं मध्ये न तोडता ऐकून घेतलं होतं. तेवढ्यावर मी त्याच्यासाठी एका पडद्याला कशिदा घालायला घेतला होता. रविवारी तो आणि त्याचे आईवडील सामान बघायला यायचे होते. त्याच्या आत रंग वाळायला हवा होता.

अण्णा रंगाचा डबा आणायला सायकलवरून बाजारात गेले. आई बस्तीत, आमच्या देवळात, दर्शनाला गेली होती. माझं डावं दार घासून झालं. ऊन चांगलं पडलं होतं, हात चालता होता. म्हटलं, अण्णांची कंबर दुखते, तेवढंच त्यांचं काम हलकं होईल. आणि ज्याला हात लावू नको म्हणतात ते बघितल्याशिवाय मला चैन कुठं पडायला? मी उजव्या दाराकडं सरकले.

वरचा भाग सरळ घासला गेला. खाली आले तेव्हा पेपराखालचं हिरवं पाणी तांबूस व्हायला लागलं. मला वाटलं, गंज. गंजावर रंग धरत नाही, तो खरवडून काढावा लागतो, एवढं मला ठाऊक होतं. अण्णांच्या डब्यातली लोखंडी पट्टी घेऊन मी तिथं टोक घातलं. एक जाड खपली अख्खी निघून हातात आली. खाली खड्डा होता, आमटीच्या वाटीएवढा. त्याच्या शेजारी टोक घातलं, तिथंही निघाली. मग आणखी खाली. खड्डे एकाला एक लागून होते आणि सगळे आत दबलेले.

मी दार उभं करून भिंतीला टेकवलं आणि त्याच्या शेजारी भुईवर बसले. खड्डे बरोबर माझ्या कानाच्या उंचीला आले.

न्हाणीत पाय घसरलेल्या माणसाचं डोकं एकदा आपटतं. इथं कुणीतरी पुन्हा पुन्हा आपटलं होतं. त्या घडीला मला वाटलं, शेडबाळ्यांनी खड्डे भरून, वर रंग फासून आम्हाला फसवलं. मनातल्या मनात मी त्यांना नाही नाही त्या शिव्या दिल्या. मग हातातल्या खपलीकडं लक्ष गेलं.

पत्र्यातले खड्डे भरायला जी लांबी लावतात ती खडूची भुकटी आणि जवसाचं तेल कालवून करतात. ती पांढरी असते, फार तर पिवळसर. अण्णा एकटे तिच्यात गेरू घालायचे. गेरूनं लांबी पत्र्याला घट्ट धरते, असा त्यांचा समज होता. गावातले सुतार, रंगारी त्यावरून त्यांना हसायचे, पण अण्णांनी कधी ऐकलं नाही. माझ्या हातातली खपली गेरूच्या रंगाची होती.

फाटकाशी सायकलची घंटा वाजली. अण्णा आत आले, हँडलला रंगाचा डबा लटकत होता. त्यांनी दार बघितलं, मग मला.

“परत आणताना टेम्पोत लागलं असंल,” ते म्हणाले.

“टेम्पोत चढवायच्या आधीच रंग दिला होता ना? मग रंगाखाली खड्डे कसे?”

“मग त्यांनीच भरलं असतील.”

“गेरू घालून?”

अण्णा सायकल स्टँडवर लावायला लागले. स्टँड काही लागेना. शेवटी त्यांनी ती तशीच भिंतीला टेकवली आणि डबा खाली ठेवला.

“चंदे, हळू बोल. तुझी आई येईल.”

“अक्का न्हाणीत पडली होती ना?”

त्यांनी रंगाचा डबा उचलून सावलीत सरकवला.

“अण्णा, मी विचारतेय.”

“मी गेलो तवा तिला न्हाणीतच ठेवलं होतं,” ते म्हणाले. “पण न्हाणी कोरडी होती. मी तिच्या खोलीत गेलो, लुगडं आणायला. कपाट बगितलं. तिचं केस चिकटलं होतं पत्र्याला.”

“मग?”

“पुसून काढलं.”

“पोलिसांना काय सांगितलंत?”

“तिला चक्कर यायची म्हणून सांगितलं.”

“येत होती?”

“न्हाई.” ते पोत्यावर खाली बसले. “पाटलानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, पोराच्या हातनं झालं. एक तर गेली, आता धाकटीचं बगा. बोभाटा झाला तर तिच्या दारात कोण पाऊल टाकंल? मी तुझं बगितलं, चंदे.”

“माझं नाव घेऊ नका.”

“मग कुणाचं घेऊ?”

“आणि रंग? तो कधी दिलात?”

“तिचं दिवस घातल्यावर. तुझी आई सामान मागणार, हे मला ठाऊक होतं. तिनं हे बगितलं असतं तर ती जगली नसती. त्यांनी तर मोडीत घालायला काढलं होतं. मी म्हटलं, टाकू नका, चांगलं हाय, मी नवं करतो. घरी गिरणीचं काम सांगून त्यांच्या परसात बसून दोन दिवसांत केलं.”

“दोन दिवस तिथं राहिलात? जेवलात कुठं?”

“तिथंच.”

“आणि चहा?”

अण्णांनी मान खाली घातली. “जावईच आणून द्यायचा.”

माणसाचा राग यावा, तिरस्कार वाटावा, तर तसं काहीच होईना. मला नुसता तो चहाचा कप दिसत होता, आणि तो घ्यायला पुढं झालेला, लांबीनं माखलेला अण्णांचा हात. मी उठून रांजणातलं पाणी तोंडावर मारलं.

तोंड पुसून मान वर केली तर फाटकात आई उभी होती. तिनं किती ऐकलं, हे विचारायची गरज नव्हती. हातातली तांदळाची वाटी तिनं जोत्यावर ठेवली, दारापाशी येऊन बसली आणि एकेका खड्ड्यात बोटं घालून बघितली. तान्ह्या पोराच्या टाळूला तेल लावताना हात लावतात, तसा हात होता. मग तिनं माझ्यापुढचा पॉलिश पेपर उचलला आणि घासायला सुरुवात केली. वरवर नव्हे, तर पार पत्रा पांढरा होईपर्यंत.

“अगं ऐक तरी,” अण्णा म्हणाले. “मी लांबी भरतो. रविवारी माणसं येणार हायत.”

“त्या डब्याला हात लावलात तर माझं मेलेलं तोंड बघाल,” आई म्हणाली. “हे असंच सोप्यात उभं करायचं. असंच दाखवायचं.”

“लग्न मोडंल पोरीचं.”

“मोडू दे.”

आईनं मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं कुणास ठाऊक. त्या रात्री पडद्याचा कशिदा मी उशाशी घेऊन झोपले, एवढं आठवतंय.

रविवारी सकाळी पाहुणे आले. अभिनंदन, त्याचे वडील आणि आई. सोप्यात कपाट उभं होतं; सगळं हिरवं, आणि उजव्या दाराचा खालचा भाग नागडा, खड्ड्यांसकट. मी चहाचे कप पाहुण्यांपुढं ठेवले. मला दोन्ही वाटत होतं. ही माणसं आता ताडकन उठून जावीत असंही, आणि काहीतरी होऊन त्यांनी मला इथून घेऊन जावं असंही.

अण्णा उंबऱ्याजवळ पाहुण्यांकडं अर्धी पाठ करून बसले होते.

“अगं बाई, हे काय झालंय?” अभिनंदनच्या आईनं विचारलं. ती खरंच बरी बाई होती. आल्या आल्या तिनं माझ्या गालावरून हात फिरवला होता.

“आमच्या थोरलीचं डोकं आपटलंय तिथं,” आई म्हणाली. “तिच्या नवऱ्यानं. त्यातच गेली ती.”

मी अभिनंदनकडं बघत होते. तो कपाकडं बघत होता. त्याच्या वडिलांनी घसा खाकरला.

“लई वाईट झालं,” ते म्हणाले. “असतात एकेक माणसं तापट.”

अभिनंदनची आई उठली, कपाटापाशी गेली, वाकून तिनं खड्ड्यांवरून बोटं फिरवली. चुकचुकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी बघितलं. मग पदरानं डोळे टिपून ती आईची समजूत घातल्यासारखं म्हणाली, “झालं गेलं मनाला लावून घेऊ नका. पत्रा बाकी जाड हाय बगा. लांबी भरून रंग दिला की कळणारबी न्हाई.”

“आमच्या खोलीला आकाशी रंग हाय,” अभिनंदन म्हणाला. “आकाशीच देऊ या. शोभंल.” आणि तो माझ्याकडं बघून हसला.

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आज इतक्या वर्षांनीही मला ते पक्कं माहीत आहे. म्हणूनच मी इतकी घाबरले. उद्या माझं काही झालं तर ही माणसं अशीच हळहळतील, डोळे पुसतील आणि रंग कुठला द्यायचा ते ठरवतील.

“चहा खाली ठेवा,” अण्णा म्हणाले.

कुणाला कळलंच नाही ते काय म्हणाले.

“कप खाली ठेवा आणि उठा.”

“अहो मगदूम, आम्ही काय वंगाळ बोललो?” अभिनंदनचे वडील म्हणाले. “आम्ही तर कपाट घेतो म्हणतोय.”

“म्हणूनच उठा,” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ते उभे राहिले होते. “कपाट न्हाई द्यायचं. पोरगीबी न्हाई.”

पाहुणे गेले. जाताना ती बाई माझ्याकडं वळून वळून बघत होती. आई चुलीपाशी गेली आणि तिथं ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मी रडले नाही, मला फार राग आला होता. अण्णांना आता सुचलं, याचा राग. अक्का गेली तेव्हा शेडबाळ्यांच्या दारात असं ताठ बोलायला काय झालं होतं, असं मी त्यांना तोंडावर विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“दार काढाया मदत कर,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते उजवं दार हातगाडीवर घालून तालुक्याच्या ठाण्यात नेलं. अण्णा पुढून ओढत होते, मी मागून ढकलत होते. रस्त्यात ओळखीचे दोघेतिघे म्हणाले, “काय मगदूम, कुणाचं नवं करायला घेतलं?” अण्णा गाडी ओढत राहिले.

ठाण्यात एक तरुण हवालदार बसला होता. त्यानं आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. उर्मट नव्हता. दार बाहेरच्या भिंतीला टेकवलं होतं, ते त्यानं उठून जाऊन बघितलंही.

“काका, तवा तुमीच जबाब दिलाय, मुलीला चक्कर येत होती म्हणून.”

“खोटा दिला.”

“बरं. पण हे खड्डे तिच्या डोक्याचे, हे कशावरनं?”

“तिचं केस होतं पत्र्याला. मी बगितलं.”

“केस कुठायत?”

“पुसलं.”

“कुणी?”

“मी.”

हवालदार लिहायचा थांबला. “खड्डे कुणी बुजवले?”

“मी.”

“वर रंग?”

“मीच दिला.”

“आणि आता खरवडला कुणी?”

“आमीच.”

हवालदारानं पेनला टोपण लावलं. टेबलावरचे हात मागं घेतले. “काका, मग यात शेडबाळ्यांनी काय केलं, ते दाखवायला ऱ्हायलं काय? सगळं तर तुमीच केलंय.”

“मग माझं नाव लिवा,” अण्णा म्हणाले.

“तसं नसतं, काका.”

“पयलं माझं लिवा. त्यांचं मागनं बगा. पण लिवा.”

हवालदारानं माझ्याकडं बघितलं आणि आवाज खाली घेतला. “ताई, ह्यांना घरी न्या. हे लिहिलं तर पुरावा मिटवला म्हणून हेच आधी आत जातील. त्या लोकांना काय व्हईल न व्हईल, सांगता येत न्हाई. तुमचे वडील हायत.”

अण्णांनी मान वर केली नाही. त्यांचे हात गुडघ्यांवर होते आणि नखांमध्ये दार उतरवताना लागलेला हिरवा रंग होता. ते उठायची वाट बघत नव्हते. मी काय म्हणते, याची वाट बघत होते.

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

“ते सांगतायत तसं लिहून घ्या,” मी म्हणाले.

हवालदारानं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी होय म्हणून मान हलवली, आणि त्यानं पेनचं टोपण काढलं.